महेश्वरी रुपया, आत्या आणि ९.८२ ग्रॅम

आत्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघतच होतो, आणि तिने इकडचं तिकडचं काही न बोलता थेट विचारलं, "अरे, पैसे परत घ्यायचे असले तरी यूपीआयचा पिन टाकावा लागतो का?" मी म्हटलं आत्या थांब, काहीच टाकू नकोस, फोन टेबलावर उलटा ठेव, मी येतोय. इंदूरच्या रामबागेत तिच्या घरी पोचायला वीस मिनिटं लागली, तेवढ्या वेळात तिने खरंच फोनला हात लावला नाही म्हणून पुढचे पैसे वाचले. आधीचे मात्र गेले होते. हे सगळं तिला विचारूनच लिहितोय, ती म्हणाली माझं नाव नको घालू पण बाकी एकूण एक गोष्ट लिही. मी स्वतः दहा-बारा वर्षं होळकरांची नाणी जमवतोय आणि तरी माझ्याच घरात हे झालं, याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात एक रुपया असायचा, शिवलिंग आणि बेलाचं पान असलेला. दर लक्ष्मीपूजनाला तो चौरंगावर मधोमध ठेवायचे. वाटण्या झाल्या त्यात तो कुणाकडे गेला, कुणी मोडला, काही पत्ता नाही, पण आत्याच्या मनातून तो कधी गेला नाही. २०२५ मध्ये अहिल्याबाईंची तीनशेवी जयंती, इंदूरमध्ये जिकडे तिकडे तेच, २० मे ला राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा राजवाड्यात झाली आणि ३१ मे ला भोपाळला ३०० रुपयांचं स्मारक नाणं निघालं. आत्याने ठरवलं की या दिवाळीला आजीसारखा रुपया परत देव्हाऱ्यात यायलाच पाहिजे. मला सांगितलं नाही कारण मला सरप्राइज द्यायचं होतं, अगदी साधी गोष्ट.

आता हा रुपया काय आहे ते आधी सांगतो, कारण अर्धी फसवणूक इथेच होते. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ ला जाईपर्यंत महेश्वरहून कारभार केला, पण त्यांच्या रुपयावर त्यांचं नाव नाही आणि चित्र तर नाहीच नाही. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नाणं बादशहा शाह आलम दुसरा याच्या नावाने पडायचं, मजकूर फारसी, साल हिजरी. होळकरांची म्हणून फक्त खूण असायची, महेश्वरच्या टाकसाळीत शिवलिंग आणि बेलपत्र, इंदूरच्या म्हणजे मल्हारनगरच्या टाकसाळीत सूर्याचा चेहरा. त्यामुळे डोक्यावर पदर, हातात पिंड अशा बाईंच्या चित्राचं 'अठराव्या शतकातलं नाणं' कुणी दाखवलं तर पुढे बघायचीच गरज नाही, ते आजकाल बनवलेलं आहे. नवीन स्मारक नाणं वेगळं, ते सरकारी आहे आणि अशी नाणी सरकारी टाकसाळींच्या स्वतःच्या वेबसाइटवरून थेट घेता येतात, त्यासाठी मधल्या माणसाची गरज नाही. हाच प्रकार ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने मिळणाऱ्या राम दरबार, हनुमान, लक्ष्मी वगैरे तांब्याच्या 'नाण्यां'चा, वर १६१६ किंवा १८१८ लिहिलेलं असतं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, आणि लोक त्याचे लाखो रुपये सांगतात, आणि देणारे देतातही.

दुसरी गोष्ट म्हणजे हे नाणं हाताने पाडलेलं. चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे सगळा मजकूर कधीच बसत नाही, कुठे बेलाचं एक पान कापलं जातं, कुठे पिंड कडेला सरकते, चांदी दाबाने पसरते तेव्हा कडेला बारीक चीर पडते. वर पुन्हा त्या काळचे सराफ चांदी खरी आहे का बघायला त्यावर आपापले टोचे मारायचे. म्हणजे एकाच दिवशी एकाच माणसाने पाडलेले दोन रुपये घेतले तरी ते एकसारखे निघणार नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरलं.

आत्याने एका मोठ्या शॉपिंग अ‍ॅपवर शोधलं. तिथे एक लिस्टिंग, 'अहिल्याबाई होळकर महेश्वर शिवलिंग बेलपत्र रुपया, शुद्ध चांदी, ११.२ ग्रॅम, १०० टक्के ओरिजिनल', किंमत ५,२०० रुपये, विक्रेत्याला साडेचार स्टार. आत्याने स्टार बघितले. मी नंतर त्याचे रिव्ह्यू उघडून वाचले तर जुने सगळे रिव्ह्यू कुर्त्यांचे होते, 'साइज बरोबर आली', 'रंग गेला नाही' असे. म्हणजे कपडे विकणारं खातं कुणीतरी घेतलं किंवा त्यानेच धंदा बदलला, नाण्याबद्दल एकाही माणसाचा शब्द नाही. स्टार बघून भागत नाही, स्टार कशाचे मिळालेत ते वाचावं लागतं.

पैसे तिने अ‍ॅपमधूनच भरले, हे चांगलं केलं. नाणं आलं, काळसर, जुनं दिसणारं, तिला आवडलं. पार्सल उघडताना तिने व्हिडिओ काढला होता, पुरावा वगैरे डोक्यात नव्हतं, पुण्याच्या नातीला दाखवायचा होता. त्या व्हिडिओने पुढे आम्हाला तारलं.

पार्सलमध्ये एक कार्ड होतं, त्यावर नंबर, 'आणखी होळकर नाण्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप करा'. आत्याने केलं. समोरचा माणूस फार गोड बोलायचा, माताजी माताजी करून, म्हणाला लक्ष्मीसाठी जोडी असावी, माझ्याकडे मल्हारनगरचा सूर्य छापही आहे, महेश्वरकडे एका शेतात विहीर खोदताना हंड्यात निघालेत, अ‍ॅपवरून घ्याल तर कमिशन लागतं, माझ्याकडून सरळ घ्या, ६,५०० ला देतो. सोबत एक सर्टिफिकेट पाठवलं, वर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह, खाली गोल शिक्का आणि सही. आत्याने ६,५०० यूपीआयने पाठवले. दोन दिवसांनी त्याचा मेसेज की कुरिअरच्या विम्याचे १,२०० भरा, नाणं पोचलं की परत मिळतील. आत्याला आता शंका आली, ती म्हणाली राहू दे, माझे पैसे परत कर. तर तो लगेच तयार! एक क्यूआर पाठवला, म्हणे स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. तेव्हा तिने मला फोन केला.

यूपीआयमध्ये पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त जायला लागतो. मी हे तिला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं.

पोचल्यावर आधी १९३० ला फोन लावला, सायबर फ्रॉडचा राष्ट्रीय नंबर, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेलाही कळवलं. यात तासांचा हिशोब असतो, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवतात, जिथे सापडतील तिथे थांबवता येतात, आणि आत्याचे पैसे जाऊन दोन दिवस झाले होते. बँकेचं म्हणणं की पेमेंट तुम्ही स्वतः पिन टाकून केलंय, आणि नियमाने ते खरंच होतं, न कळत खात्यातून पैसे उडाले तर ग्राहकाला जे संरक्षण आहे ते स्वतः पाठवलेल्या पैशाला तसं लागू होत नाही. व्यवहाराचा तपशील उघडला तर घेणाऱ्याचं नाव तिसरंच कुणाचं तरी. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर हे नाव दिसतं, आत्याने बघितलंही होतं, तिला वाटलं त्याच्या मुलाचं खातं असेल.

आणि त्या गोष्टींकडे बघा ज्या तिला भरवशाच्या वाटल्या. सर्टिफिकेट: रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडतच नाही, ४ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी स्वतःच लोकांना सावध केलं होतं की आमचं नाव-चिन्ह वापरून कुणी जुन्या नोटा-नाण्यांवर फी, कमिशन मागत असेल तर भुलू नका. हंडा: जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे हंड्याची गोष्ट खोटी असली तर तो खोटारडा, आणि खरी असली तर तुम्ही बेकायदेशीर माल घेताय. दोन्हीकडून आपणच अडकतो. नवख्या माणसाला हंडा ऐकला की नाणं आणखी खरं वाटतं, आणि मी जेव्हा जेव्हा हंडा ऐकतो तेव्हा चॅट तिथेच बंद करतो.

मग मी आत्याला म्हटलं, आलेलं नाणं दाखव. ती स्वयंपाकघरातून घेऊन आली, हातात वाटी, वाटीत चिंचेचा कोळ. घासायच्याच बेतात होती. मी अक्षरशः ओरडलो, नको! खऱ्या नाण्यालासुद्धा चिंच, पितांबरी, राख काही लावायचं नाही, वरची जुनी झाक गेली की किंमत गेली, आणि इथे तर हा पुरावा होता, जसा आला तसाच ठेवायचा होता.

भिंग लावून कडेवरून सुरुवात केली. मी नेहमी कडेवरून सुरुवात करतो, कारण बनवणारा तोंडावर मेहनत घेतो आणि कड विसरतो. पूर्ण कडेभर कानशीचे बारीक आडवे ओरखडे होते, सगळे एका दिशेने. साच्यात ओतलेल्या नाण्याला दोन अर्ध्यांच्या जोडाची रेघ येते, ती घासून काढलेली. पिंडीच्या शाळुंकेच्या खाली बारीक टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, ओतताना हवेचे बुडबुडे राहतात त्याचे. फारसी अक्षरांच्या धारा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. वापराने झिजलेल्या नाण्यात उंच भाग आधी झिजतो, खोलगट भाग टोकदार राहतो, इथे सगळंच सारखं मऊ होतं.

पण हे माझं मत झालं, अ‍ॅपवाल्याला त्याच्याशी काय. म्हणून मी त्या विक्रेत्याच्या सगळ्या लिस्टिंग उघडल्या. आणखी एक 'महेश्वर रुपया' होता, दुसऱ्या दराने, फोटो वेगळ्या उजेडात. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. दोन्हीत बेलाचं डावं पान अर्ध्यात कापलेलं, दोन्हीत घड्याळाच्या चार वाजायच्या जागी अर्धचंद्रासारखा सराफाचा टोचा, त्याच कोनात, त्याच खोलीचा. आत्याला दाखवलं. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी दोन वेगळ्या सराफांनी नाहीतर एकाच सराफाने दोन नाण्यांवर केसाचाही फरक न होऊ देता टोचा मारला असं होऊच शकत नाही. एक खरं नाणं कुठेतरी होतं, त्याचा साचा काढला, टोच्यासकट. आत्या बराच वेळ दोन्ही फोटो बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे त्या सराफाचं पण खोटं नाव केलं यांनी.

मग वजन. माझ्याकडे खिशात मावेल असा छोटा काटा आहे, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, २०० ग्रॅमपर्यंतच घेतो, ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, आणि खरं सांगतो, नाणी घ्यायची असतील तर पहिलं नाणं घेण्याआधी हा घ्यावा. नाणं भरलं ९.८२. महेश्वरी रुपया साधारण ११ ते ११.५ च्या मधे बसतो, थोडा झिजला तर थोडा कमी, पण दीड ग्रॅम झीज व्हायला नाणं गुळगुळीत व्हायला पाहिजे. आता पाण्याची परीक्षा, ही कुणीही करू शकतं. पातळ प्लास्टिकच्या कपात पाणी घ्या, कप काट्यावर ठेवून काटा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-कडेला टेकणार नाही असं लोंबतं धरा. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने सारलं. आत्याने दोरा धरला, हात थरथरत होता म्हणून मग तो आम्ही कपाच्या वर, कपाला न टेकवता आडव्या धरलेल्या पट्टीला बांधला. आकडा आला १.१४. ९.८२ ला १.१४ ने भागलं की ८.६, ही नाण्याची घनता. चांदीची घनता १०.५ च्या आसपास. ८.६ म्हणजे जर्मन सिल्व्हर (नावातच चांदी, आत तांबं, निकेल, जस्त) नाहीतर पितळेच्या जातीचं काहीतरी, वर पाणी चढवलेलं.

लोहचुंबकावर विसंबू नका, बरेच जण तेवढंच करतात. चिकटलं तर नक्की खोटं, पण नाही चिकटलं म्हणून चांदी होत नाही, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाहीत. दुसऱ्या दिवशी सराफ्यात, दिवसा हं, रात्री तिथे खाऊगल्ली असते, ओळखीच्या दुकानात दाखवलं. त्यांनी अ‍ॅसिड लावायला नाही म्हटलं, म्हणाले डाग पडेल, परत करायचंय ना. नुसतं हाताच्या तळव्यावर दोनदा उडवलं आणि मान हलवली. त्यांच्या वडिलांच्या काळी फरशीवर टाकून आवाज ऐकायचे, खणखणीत नाणं म्हणतात ते यावरूनच, पण खऱ्या जुन्या नाण्याला त्याने इजा होते, तुम्ही करू नका.

आता पैसे कसे परत आले ते नीट वाचा, कारण मी आधी चूक करणार होतो. मी तक्रारीत लिहिलं होतं 'नाणं नकली आहे', सगळी कारणं, शाह आलम, टोचा, सगळं. पाठवायच्या आधी माझ्या बायकोने वाचलं, ती ग्राहक तक्रारींचं काम बघते एका कंपनीत, म्हणाली हे वाचणाऱ्याला नाण्यातलं काय कळणार, तो म्हणेल एक्स्पर्ट रिपोर्ट आणा. तू लिही वर्णनाप्रमाणे माल नाही. लिस्टिंगवर ११.२ ग्रॅम लिहिलंय, आलंय ९.८२, हा काट्याचा फोटो, हा पार्सल उघडल्याचा व्हिडिओ. बस. आम्ही चार ओळी लिहिल्या. टोच्याचे दोन फोटो नुसते शेवटी जोडले. विक्रेत्याने आधी उत्तर दिलं होतं की अँटिक आयटम, रिटर्न नाही. मग अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे गेलो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल. तिथेही झालं नसतं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन होतीच. लागली नाही, बाराव्या दिवशी ५,२०० परत जमा झाले.

पण पिकअपवाला आला तेव्हा मला ते नाणं त्याच्या हातात द्यावं लागलं आणि ते मला आजही खुपतं. ते परत त्याच माणसाकडे गेलं. दोन आठवड्यांनी वेगळ्या दुकानाच्या नावाने तेच कापलेलं पान, तोच टोचा दिसला. मी रिपोर्ट केलं, लिस्टिंग निघाली, पुन्हा दुसरीकडे येईल, पुन्हा रिपोर्ट करीन. ज्यांच्याकडे होळकर नाणी आहेत त्यांनी हे बघत राहावं अशी मनापासून विनंती आहे, कारण नवा माणूस ओळखू शकत नाही आणि आपण ओळखू शकतो.

खरा रुपया मग आम्ही कसा घेतला. ऑनलाइनच घेतला, मुद्दाम, आत्याची भीती जावी म्हणून. एका जुन्या डीलरकडून, ज्याच्याशी मी आधी व्यवहार केलेत. आत्यानेच मेसेज लिहिला, मी फक्त बाजूला बसलो. तिने मागितलं: दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचा फोटो, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो, आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसोबत, आणि बिलावर टाकसाळ, धातू, वजन आणि 'खोटं ठरल्यास पूर्ण पैसे परत' हे वाक्य. डीलरला यातलं काहीच खटकलं नाही, अर्ध्या तासात सगळं पाठवलं. फोटो मी सर्च करून बघितले, कुठल्या लिलावाच्या पानावरून उचललेले नव्हते. किंमत ३,४०० रुपये. हो, खरं नाणं खोट्यापेक्षा स्वस्त पडलं! महेश्वरी रुपया काही फार दुर्मिळ नाही, हे आत्याला माहीत असतं तर ५,२०० लाच ती थबकली असती. आधी चार-सहा लिलावांमध्ये तेच नाणं कितीला गेलं ते बघायला अर्धा तास लागतो.

आलं तेव्हा काट्यावर आत्यानेच ठेवलं. ११.१८. पाण्यात १.०८. भागाकार तिने कॅलेंडरच्या मागे पेनाने केला, १०.३५, आणि खाली दोन रेघा ओढल्या, शाळेत गणित शिकवायची ना. बेलाची तीनही पानं आलीत, पिंड मात्र जरा कडेला सरकलीय, आणि एका बाजूला कडेला बारीक चीर आहे. तिला ती चीरच सगळ्यात आवडली.

पंचामृत घालायचं नाही हे तिला पटवायला मात्र नाण्यापेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी नाणं प्लास्टिकच्या गोल कॅप्सूलमध्ये ठेवलं, पीव्हीसीची लवचिक पाकिटं घेऊ नका, त्याने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर मधोमध ठेवला, आणि कुंकू तिने कॅप्सूलच्या झाकणावर लावलं. ६,५०० ची तक्रार अजून उघडी आहे, दर सोमवारी अकरा वाजता ती तक्रार क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बँकेत फोन लावते.